आठ चाकांचं वॉशिंग मशीन

धाकट्या जावेच्या मिक्सरची तोफ झाली, ही बातमी थोरलीला कळली तेव्हा ती चहा गाळत होती.

"वहिनी, कळलं का तुम्हाला?" धाकटी दारातूनच म्हणाली. "भाऊजींनी माझा मिक्सर घेतला. त्याची तोफ होणार."

थोरलीची गाळणी हवेत थांबली. "मोडला का?" तिने विचारलं, आणि आपल्या आवाजात एवढी आशा कुठून आली याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"मोडेल कशाला? त्याचा आवाज घेतलाय. गेममध्ये."

थोरलीचा नवरा व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीसाठी घरी बसून आवाज बनवायचं काम करायचा. घरातले सगळे त्याला कानसेन म्हणत. सध्याचा गेम कुठल्याशा दूरच्या ग्रहावरच्या लढाईचा होता. त्यात प्लाझ्माच्या तोफा होत्या, भिंतीपलीकडचं टिपणाऱ्या रायफली होत्या, जमिनीपासून वीतभर वर तरंगत पळणाऱ्या मोटरसायकली होत्या. खऱ्या बंदुकीचा आवाज खऱ्या बंदुकीवरून घेता येतो. पण जी बंदूक अजून कुणी बनवलेलीच नाही, तिचा आवाज आणायचा कुठून? तो आणायचा घरातून. एक पिस्तूल त्याने स्टेपलरमधून काढलं होतं. तरंगणारी मोटरसायकल बॅगेच्या चेनमधून निघाली होती. तोफ मात्र काही केल्या सापडत नव्हती. गेले कित्येक दिवस तो हातात माईक घेऊन थोरलीच्या स्वयंपाकघरात फिरत होता आणि प्रत्येक वस्तूला कान लावून मान हलवत होता.

"फार सभ्य," तो म्हणायचा. "आपल्या घरातल्या वस्तू फार सभ्य आहेत."

त्या सभ्य कुणी केल्या होत्या, हे त्याने कधी विचारलं नाही. लग्न झालं तेव्हाच थोरलीला कळून चुकलं होतं, की या माणसाला आवाज सोसत नाही. चमचा बशीला लागला तरी दाढेत कळ यावी तसा त्याचा चेहरा व्हायचा. म्हणून तिने वर्षानुवर्षं खपून घर गप्प केलं होतं. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले, बिजागऱ्यांना नेमाने तेल दिलं, पंखा बदलला, फ्रिज बदलला, आणि दुकानदाराला सगळे मिक्सर चालू करायला लावून त्यातला सगळ्यात मुका घरी आणला. आणि आता याच माणसाने वरच्या मजल्यावर जाऊन धाकटीचा जुनापुराणा मिक्सर पसंत केला होता. तो मिक्सर चालू झाला की खाली थोरलीच्या भिंतीवरचा आरसा थरथरायचा.

जेवताना तिने विषय काढला. "माझा मिक्सर का नाही?"

"तुझा चांगला आहे की."

"मग?"

"चांगला आहे हीच पंचाईत. तो चालू असला तरी कळत नाही. तोफ उडाली हे समोरच्याला कळायला नको का?"

"आणि तिच्या मिक्सरमध्ये काय आहे एवढं?"

कानसेनाने घास हातात धरून क्षणभर डोळे मिटले. "जीव आहे," तो म्हणाला.

आपल्या कुठल्याही गोष्टीबद्दल हा माणूस 'जीव आहे' असं म्हणाल्याचं थोरलीला आठवेना. तिने आमटीचा डाव भांड्यावर मुद्दाम आपटला. त्याने नेहमीसारखा दाढेवर हात ठेवला.

धाकटी शाळेत पी.टी. शिकवायची. कवायतीमुळे तिचा गळा तयार होता, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. वाटण झालं की ती मिक्सर स्वयंपाकघरातून उचलून बाहेरच्या खोलीत, शोकेसमध्ये ठेवायची. आल्यागेल्याला ती तो दाखवायची आणि वर म्हणायची, "माझं काय त्यात, भाऊजींचा कान." हा तिचा विनय थोरलीला जास्त झोंबायचा.

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथेही एक बाई फ्रेम निवडता निवडता म्हणाल्या, "ते तोफेचा मिक्सर असलेले लोक म्हणजे तुम्हीच ना?"

"जाऊ," थोरली म्हणाली. "माझी जाऊ."

"असं होय," म्हणून बाई पुन्हा फ्रेमकडे वळल्या. त्यांचा रस संपला होता. त्यानंतर आलेल्या एका गृहस्थांना थोरलीने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली. त्यांनी बिनचूक वाचली तरी पुन्हा वाचायला लावली. मग उलटी वाचायला लावली.

संध्याकाळी घरी जाताना तिने ठरवलं, की जीवच हवा असेल तर आपल्याही घरात जीव आणायचा.

तिने बिजागऱ्यांना तेल देणं बंद केलं. खुर्च्यांचे नमदे काढले. कपाटाची दारं लोटायची सोडून ती ढकलू लागली. लवकरच घर बोलायला लागलं. दार कण्हायचं, खुर्ची खेकसायची, भांडी एकमेकांना वाटेल ते सुनवायची. थोरली मधूनमधून नवऱ्याच्या खोलीत डोकावायची, की आता हा माईक घेऊन धावत येईल.

तो आला, पण लॅपटॉप काखेत मारून. "आज घरात फार खडखड आहे," तो म्हणाला. "मी वर जाऊन बसतो. दिवसा ती दोघं नसतात, शांत असतं."

वर बसायला लागल्यावर तर सगळंच हातातून गेलं. रोज संध्याकाळी तो उजळ चेहऱ्याने खाली यायचा आणि धाकटीच्या घरात काय काय सापडलं ते सांगायचा. तिच्या इस्त्रीच्या टेबलाचे पाय उघडताना रायफल भरल्यासारखा आवाज येतो. तिच्या कपाटाच्या खणातून हातबॉम्ब निघाला. तिच्या गॅसच्या लायटरने शत्रूचा अख्खा पहारा उडवता येतो. बघता बघता धाकटीच्या घरात एक शस्त्रागार उभं राहिलं, आणि थोरलीच्या घरात नुसता खडखडाट.

"एवढी शस्त्रं झाली," एकदा ती म्हणाली, "आता उरलं तरी काय?"

"गाडी," कानसेन म्हणाला. "आठ चाकांची चिलखती गाडी. सैनिक वाहून नेणारी. तीच अडलीय."

त्या दिवशी धाकटा दीरही खाली आला होता. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा आणि कुठल्याही गाडीबद्दल त्याचं मत तयार असायचं. "कशी पाहिजे दादा तुला गाडी?"

"जुनी. थकलेली, पण हट्टी. चाकं आठ आहेत, पण आठांचं आपसात पटत नाही, असं वाटलं पाहिजे."

"मग आपल्या घराचाच आवाज घे की," दीर म्हणाला.

थोरलीला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर न्हाणीघरातलं वॉशिंग मशीन उभं राहिलं होतं.

त्या मशीनच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा होता. तो बसवताना मेकॅनिकने तिला बजावलं होतं, "बाई, हा काढू नका. हा काढलात तर मशीन चालायला लागेल." थोरलीने आता विचार केला, की चालायलाच लागेल ना, बंद तर पडणार नाही. तिने तुकडा काढून टाकला.

रविवारी सकाळी तिने मशीनमध्ये नवऱ्याचे डोंगर चढायचे बूट टाकले, लाकडी हँगर टाकले, टॉवेलात गुंडाळून एक जाड पळी टाकली, आणि वर दिसायला म्हणून दोन चादरी पसरल्या. मग नवऱ्याला म्हणाली, "जरा आपलं मशीन ऐकून बघता का? बरेच दिवस झाले, काहीतरी वेगळं बोलतंय." वरच्या दोघांनाही तिने चहाला बोलावलं. धाकटी तर हवीच होती. तिच्याशिवाय या सगळ्याला काही चव नव्हती.

कानसेनाने न्हाणीघरात स्टुलावर माईक उभा केला, वायर दाराखालून बाहेर काढली आणि बोळात पाट टाकून कानांना हेडफोन लावून बसला. मशीनचं बटण बोळातच होतं, त्याच्या डोक्यावर. "मी म्हणालो की मशीनचा खटका फिरव आणि बाहेर ये," तो म्हणाला. "दार घट्ट लाव."

"मी आतच थांबते," थोरली म्हणाली. "खटका सारखा बदलावा लागतो."

तिने दार लावून घेतलं आणि खटका फिरवला. मशीनने आधी संथपणे पाणी घोळवलं. बूट एकदा खोकले, पुन्हा गप्प झाले.

"सभ्य," बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. हेडफोन असल्यामुळे तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता.

पाठोपाठ धाकटीचा आवाज आला. "भाऊजी, आमचं मशीन लावून बघायचं का? ते फिरायला लागलं ना, की कोपऱ्यावरच्या दुकानात कळतं."

थोरलीने खटका थेट पिळण्यावर नेला, सगळ्यात वरच्या वेगावर.

मशीनने एक आचका दिला. मग बूट, हँगर आणि पळी यांचं आत कडाक्याचं भांडण जुंपलं. मशीन एका पायावर झुकलं, दुसऱ्यावर आलं, आणि मेकॅनिक म्हणाला होता तसं चालायला लागलं. चालायला म्हणजे खरोखरच. ते भिंत सोडून निघालं. त्याच्या मागची नळी सुटली आणि साबणाचं पाणी भसाभस जमिनीवर यायला लागलं. माईक स्टुलासकट आडवा झाला, पण पाण्याबाहेर राहिला. थोरली मागे सरकत सरकत उपड्या बादलीवर चढली. मशीन डुलत डुलत तिच्यासमोरून गेलं, दाराला जाऊन टेकलं, आणि दार व बेसिन यांच्या मधल्या जागेत पाचरीसारखं रुतून तिथेच दणादण आदळायला लागलं. दार आत उघडणारं होतं.

आपण अडकलो, हे थोरलीच्या लक्षात आलं. तिने ओरडायला तोंड उघडलं. एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"वा."

थोरलीने तोंड मिटलं.

"वा. काय आवाज आहे. आठच्या आठ चाकं ऐकू येतायत," नवरा सांगत होता. "जीव आहे. या मशीनमध्ये जीव आहे."

थोरली बादलीवर ताठ उभी राहिली. पाणी बादलीच्या कडेला लागलं होतं, साडी खालून भिजली होती, समोरचं मशीन दाराचा रंग खरवडत होतं. पण तिच्या मनात एकच विचार होता, की धाकटी हे ऐकतेय ना.

"वहिनी," धाकटीने दारावर थाप मारली. "बऱ्या आहात ना?"

"मजेत आहे."

"बाहेर पाणी येतंय हो."

"येऊ दे."

"वहिनी, गाडीचे ब्रेक गेलेत," दीर म्हणाला. "पहिल्या गिअरवर आणा."

"कुणी बोलू नका," कानसेन ओरडला. "आत्ता कुठे रंगात आलीय."

पाणी त्याच्या पाटाखाली पोचलं होतं, पण त्याचे डोळे मिटलेले होते. धाकटीने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वायरीकडे पाहिलं, आणि हात लांब करून बटण बंद केलं. मशीन शेवटचा आचका देऊन थांबलं. त्या आचक्याने स्टूल घसरलं आणि माईक बुडबुडा काढून पाण्यात गेला.

"कुणी बंद केलं?"

हे आतून आणि बाहेरून एकदमच विचारलं गेलं. नवरा-बायको एकाच वेळी एकच वाक्य बोलल्याचा असा प्रसंग त्या घरात फार दिवसांनी आला होता.

त्यानंतर दार उघडायचे प्रयत्न सुरू झाले. दोघे भाऊ बाहेरून खांदा लावत होते. धाकटा दीर आत सूचना पाठवत होता, "वहिनी, रिव्हर्स घ्या. डावीकडे पूर्ण कापा आणि मग मागे घ्या." थोरलीने मशीन ओढून पाहिलं. पोटात पाणी असलेलं मशीन जागचं हललं नाही. शेवटी धाकटी म्हणाली, "व्हा बाजूला," आणि मागच्या बोळात गेली. कुंपणाच्या भिंतीवर चढून, न्हाणीघराच्या खिडकीतून आधी पाय आणि मग बाकीची अशी ती अलगद आत उतरली. कुणी सोडवायला यावं आणि ते धाकटीने यावं, तेही इतक्या सफाईने, हे थोरलीला पाण्यापेक्षा जास्त गार वाटलं.

"पाणी काढल्याशिवाय हे हलायचं नाही," धाकटी म्हणाली आणि तिने झाकण उघडलं. दोन तांबे पाणी उपसल्यावर तिने चादर ओढली. चादरीखाली बूट निघाला. मग दुसरा. मग हँगर. मग टॉवेल, आणि टॉवेलातून पळी.

तिने पळी हातात धरून थोरलीकडे पाहिलं. "मुद्दाम केलंत ना, वहिनी?"

थोरलीने तिच्या हातातून पळी काढून घेतली. "तुझ्या मिक्सरमुळे," ती म्हणाली. "सगळं घर मी गप्प केलं याच्यासाठी. तू कधी एक झाकण सावकाश ठेवलं नाहीस. आणि कौतुक कुणाचं, तर तुझं."

धाकटी मशीनला टेकून खाली बसली. एवढा तयार गळा, पण आवाज अगदी बारीक आला. "त्या मिक्सरचं नाव काढू नका. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या स्वयंपाकघरावर जळतेय."

"माझ्या?"

"तुमच्याकडे दोन माणसं ओट्यापाशी उभं राहून बोलू शकतात. आमच्याकडे ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नाही. लोक म्हणतात मी शाळेमुळे ओरडते. शाळेत मी गळ्याला आराम देते, वहिनी. नव्या मिक्सरसाठी यांच्या किती मागे लागले होते. कुठे एकदाचे हो म्हणाले, तर भाऊजींनी माईक लावला. आता हे म्हणतात, हा ठेवा आहे, हा कसा टाकायचा?"

"मग सगळीकडे मिरवत का होतीस?"

"आता जन्मभर तोच राहणार. मग निदान मिरवून तरी घ्यावा."

थोरलीला काय वाटावं ते कळेना. राग टिकेना, आणि सोडूनही द्यावासा वाटेना. एवढी वर्षं कुणीतरी आपला हेवा करत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, याची मात्र तिला चुटपुट लागली. वेळेवर कळलं असतं तर किती मजेत दिवस गेले असते.

"माझा मिक्सर घेऊन जा," ती म्हणाली.

"खरंच?"

"आणि तो इकडे दे. ठेवा घरातच राहील, तुझ्या नवऱ्याला काही बोलता येणार नाही. तू आधी ते टोक धर."

दोघींनी मिळून मशीन बाजूला सारलं. दार उघडलं तसे त्याला खांदा लावून असलेले दोघे भाऊ आत येऊन पाण्यात बसले.

मशीन दुरुस्तीच्या पलीकडे गेलं, पण माईक बुडायच्या आधी टिपलेली गाडी पास झाली. कंपनीतले लोक म्हणे ती ऐकून खुर्चीवरून उठले. थोरलीने ही गोष्ट दुकानात सांगितली, गल्लीत सांगितली, आणि धाकटीला दोनदा सांगितली. धाकटीने मनापासून "अरे वा" म्हटलं आणि पुन्हा नव्या मिक्सरचं कौतुक सुरू केलं. त्याच्यावर हात ठेवून बघावं लागतं म्हणे, चालू आहे की नाही. जिने जळायचं तीच अशी खुशीत असल्यावर थोरलीलाही पुढे सांगायचा उत्साह राहिला नाही.

धाकटीचा मिक्सर तिने ओट्यावर मांडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटण वाटायला घेतलं. आरसा खिळ्यासकट खाली आला. कानसेन दोन्ही कानांवर हात ठेवून खोलीतून बाहेर धावला.

"हा कसला आवाज?"

"तुमची तोफ."

तो मिक्सरकडे बघत राहिला. ओळख पटली, पण आनंद झाल्याचं दिसलं नाही. "अगं, गेममध्ये ठीक आहे," तो म्हणाला. "तिथे माणूस आवाज कमी करू शकतो. घरात कशाला?"

"जीव आहे त्याच्यात," थोरली म्हणाली, आणि तिने पुन्हा बटण दाबलं.

तो लॅपटॉप घेऊन वर गेला. वर आता मुका मिक्सर होता, खाली तोफ होती, त्यामुळे तो रोजच वर जायला लागला. पुढे धाकटीच्या शाळेला सुट्टी लागली. सुट्टीच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी धाकटी पाय न वाजवता जिना उतरून खाली आली, थोरलीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि दार लावून घेऊन त्याला पाठ टेकवून उभी राहिली.

"काय गं?"

धाकटी कुजबुजत म्हणाली, "भाऊजी वर बसलेत. मी पेला खाली ठेवला, तर दाढ धरली. पान उलटलं, तर डोळे मिटले. मघाशी मला शिंक आली, तर मान वर न करता गॅलरीकडे बोट दाखवलं. माझ्याच घरात मी चोरासारखी वावरतेय." ती खुर्चीत बसली. "वहिनी, तुम्ही एवढी वर्षं कशा राहिलात हो?"

हा प्रश्न आजवर थोरलीला कुणीच विचारला नव्हता, माहेरच्यांनीसुद्धा. तिने ओट्यावरचं काम तसंच ठेवलं, दुसरी खुर्ची खरखर आवाज करत ओढली आणि धाकटीच्या समोर नीट बसली.

"काय म्हणालीस?" ती म्हणाली. "जरा मोठ्यानं बोल. खाली आता चालतं."